आतला बीग, बाहेरचा बीग

वृषभचा साखरपुडा रविवारी होता आणि गुरुवारी दुपारी तो निपाणीच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून कुलपं काढत होता. दाराची नव्हे, संगणकाची.

बेंगळूरच्या एका कंपनीचं काम तो घरूनच करायचा. संगणकाच्या पोटात, माणसाला कधीच न दिसणारा एक कारभारी असतो. त्याला कर्नल म्हणतात. "आमचा वृषभ कर्नलचं काम बघतो," असं त्याची आई मंगलाबाई सगळ्यांना अभिमानानं सांगायची, त्यामुळं निम्म्या गल्लीला तो बेळगावच्या मिलिटरीत आहे असंच वाटे. पोरगा चड्डी घालून दिवसभर सोप्यात कसा काय बसतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

त्या कारभाऱ्याच्या घरातही कड्या-कुलपं असतात. न्हाणीत दोघांनी एकदम शिरू नये म्हणून आपण आतून कडी लावतो, तसंच. एक आत गेला की बाकीचे बाहेर ओळीनं उभे. यात चूक काही नाही. पण बऱ्याच वर्षांपूर्वी कुणा अतिसावध माणसानं एका ठिकाणी कुलपाच्या आत आणखी एक कुलूप लावून ठेवलं होतं. बाहेरचं कुलूप हातात असल्याशिवाय आत कुणी येऊच शकत नव्हतं, मग आतलं कशासाठी? तरीही प्रत्येक जण आत शिरायचा, आतलं कुलूप लावायचा, काम करायचा, ते काढायचा, मग बाहेर. तोवर बाहेरची ओळ आपली लांबतच जायची. ते काढून टाकायचं धाडस आजवर कुणी केलं नव्हतं. लावलंय म्हणजे असेल काहीतरी कारण, या एका विचारावर ते टिकून होतं. आपल्याकडच्या निम्म्या चालीरीती याच विचारावर टिकून आहेत.

वृषभनं तीन महिने खपून ते कुलूप बिनकामाचं आहे हे सिद्ध केलं होतं आणि आता तो सहकारी चंद्रशेखरशी फोनवर शेवटचं बोलत होता. चंद्रशेखर मैसूरचा. नोव्हेंबर हा कन्नडचा महिना, म्हणून महिनाभर इंग्रजी शब्द तोंडातून काढायचा नाही, काढला तर सगळ्यांना कॉफी पाजायची, असा नेम त्यानं घातला होता. वृषभला कन्नड घरच्यासारखंच येई, त्यामुळं तोही हौसेनं यात सामील झाला. कुलपाला चंद्रशेखर म्हणायचा 'बीग'. तिकडं मैसूर-बेंगळूरला तोच शब्द आहे. म्हणून वृषभही बीग म्हणू लागला.

घोटाळा इथंच होता. निपाणी-चिकोडीच्या कन्नडमध्ये कुलपाला 'कीली' म्हणतात. आणि 'बीग' म्हणजे व्याही.

हे सगळं ठाऊक असलेला माणूस त्या घडीला घरात एकच होता, तो म्हणजे वृषभ, आणि त्याला त्याची आठवण नव्हती. आणि बाहेर पायरीवर, नव्या गुळाची ढेप काखेत घेऊन, चिकोडीचे आण्णासाहेब उभे होते. वृषभचे होणारे सासरे. निपाणीत कामाला आले होते, आपल्याच गुऱ्हाळाचा पहिला गूळ व्याह्यांच्या घरी द्यावा, जाता जाता चहा घ्यावा, एवढाच त्यांचा बेत. हाक मारायला तोंड उघडलं आणि आतून होणाऱ्या जावयाचा खणखणीत आवाज कानावर आला.

"होरगिन बीग ऐतल्ल, साकु! ओळगिन बीग याक बेकु? तगद हाकोण!"

बाहेरचा व्याही आहे ना, पुरे! आतला व्याही कशाला हवा? काढून टाकू!

आण्णासाहेब जागच्या जागी थिजले. आतून पुढं आणखी बरंच आलं. त्याच्यामुळं सगळे ताटकळत उभे राहतात. उपयोग काही नाही, नुसता तोरा. इतकी वर्षं कुणी हात लावायला धजलं नाही, म्हणून डोक्यावर बसलाय. मी सगळीकडं तपास केलाय, हा काढला तर कुणाचं काहीही बिघडत नाही.

आण्णासाहेबांनी ढेप कट्ट्यावर ठेवली आणि आले तसे परत गेले.

संध्याकाळी मंगलाबाईंना ढेप दिसली. तिच्याभोवती मुंग्यांची वरात जमली होती.

"कुणी ठेवला गं गूळ हा?" त्यांनी शेजारच्या गुणाबाईला विचारलं.

"तुमचं पाव्हणं आलतं की, चिकोडीचं. उभं ऱ्हायलं, ऐकलं, आन गेलं."

"काय ऐकलं?"

"मला काय ठावं? तुमचा कर्नल कायतरी वरडालता."

मंगलाबाईंनी मुंग्या झटकत ढेप उचलली. तेवढ्यात शामूमामाचा फोन आला. शामूमामा हा मंगलाबाईंचा थोरला भाऊ. वृषभचे वडील गेल्यापासून घरचा कारभार तोच बघायचा आणि ही सोयरीकही त्यानंच जुळवली होती.

"वृषभ कुठं हाय? दे त्याला," मामाचा आवाज कापत होता. "काय रं, बेंगळुरात कोण बघून ठेवलायस?"

"कोण म्हंजे?"

"आण्णासाहेबानं सोताच्या कानानं ऐकलंय. बाहेरचा व्याही बास झाला, हितला व्याही काढून टाकू, म्हणालास म्हणं!"

"मी? व्याही? मामा, व्याही हा शब्दच मी जन्मात उच्चारला न्हाय!"

"मग त्यो माणूस खोटं बोलालाय व्हय? देवाची आण घे बघू."

वृषभनं आण घेतली. अगदी मनापासून घेतली, कारण त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आण्णासाहेबांनी ऐकलेलं मामाला मराठीत सांगितलं होतं, आणि मराठीत येता येता त्या शब्दातलं कुलूप वाटेत कुठंतरी गळून पडलं होतं. उरला होता नुसता व्याही. पोरगं सरळ आण घेऊन खोटं बोलतंय, म्हणून मामा आणखी खचला.

"पन तू लई बोल लावलास म्हणं त्यांस्नी. सगळी त्यांच्यामुळं ताटकळत्यात म्हणालास. वर 'अदु' म्हणालास! आरं, अदु म्हणतात व्हय मोठ्या माणसाला? जनावराला, वस्तूला 'ते' म्हणतात तसं!"

"मामा, तुझी शपथ—"

"माझी शपथ घेऊ नगंस. मला अजून पोरींची लग्नं करायची हायती."

शुक्रवारी गाडी पुरती रुतली. शामूमामाचं म्हणणं, दोन्हीकडच्यांनी सांगितल्याशिवाय मी मध्ये पडणार नाही. चिकोडीचं म्हणणं, चूक मुलाची, तेव्हा खुलासा मुलाकडच्यांनी करायचा. ते बोलतील तेव्हा आम्ही बोलू. मंगलाबाईंचं म्हणणं त्याहून वरचढ.

"माझ्या दारातनं माणूस चहा न घेता गेला. अपमान कुणाचा झाला? माझा. मी का फोन करू? आन पोराकडची माणसं आधी फोन करत न्हाईत," त्यांनी वृषभला सुनावलं.

"का?"

"का म्हंजे? न्हाईत करत."

आचारी विचारत होता, माणसं किती धरू? त्याला मामा म्हणाला, मंगल सांगंल. मंगलाबाई म्हणाल्या, ते सांगतील. ते म्हणाले, मामा सांगेल. वृषभ हे सगळं बघत सोप्यात बसून राहिला. ज्याला त्याला हवं ते दुसऱ्याच्या हातात, आणि हातातलं कुणीच सोडायला तयार नाही. यंत्रात असं झालं की सगळं जागच्या जागी गोठतं, हे तो पगार घेऊन लोकांना समजावून सांगायचा. यंत्रात ते सोडवताही येतं. इथं सोडवायचं म्हटलं तर समोर आई होती.

त्रिशलाला त्यानं कितीतरी वेळा फोन लावला, पण तिनं उचलला नाही. ती चिकोडीच्या एका शाळेत गणित शिकवायची. दोघं दोनदाच भेटले होते, दोन्ही वेळा घरच्यांच्या गराड्यात. पण दुसऱ्या भेटीत सगळी मंडळी बाहेर गूळ-शेंगा खात असताना तिनं हळूच विचारलं होतं, "तुम्ही जे काम करता, ते खरंच कुणाला कळतं का?" आणि तो "न्हाय" म्हणाल्यावर ती हसली होती. त्या हसण्यापासून तो कामातून गेला होता. हे लग्न मोडलं तर आपलं काही खरं नाही, हे त्याला शनिवारी सकाळपर्यंत लख्ख कळलं होतं.

शनिवारी दुपारी तिचा एक निरोप आला. एकच ओळ.

"तुमच्या बाहेरच्या बीगांना माझा जय जिनेंद्र सांगा."

वृषभनं ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग "आई गं!" म्हणून तो असा ओरडला की मंगलाबाई हातातलं लाटणं घेऊनच धावत आल्या.

"काय झालं?"

"बीग! आई, बीग! कुलूप गं! मैसूरकडं कुलपाला बीग म्हणतात! मी कुलूप काढालतो!"

"कसलं कुलूप?"

"कर्नलचं!"

मंगलाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. आता पोरगा मिलिटरीत चोरी करतो हेही ऐकायचं राहिलं होतं.

त्यांना नीट समजावून सांगायला वेळ लागला. समजल्यावर त्यांच्या तोंडावर आधी हसू आलं आणि मग डोळ्यांत पाणी. "मग सांग की मामाला. त्यो त्यांस्नी सांगंल."

"मामानं सांगून कोण इस्वास ठेवंल? मीच जातो चिकोडीला."

"खुळा का काय? साखरपुड्याआधी पोरानं पोरीच्या घरी जायचं नसतंय."

"का?"

मंगलाबाईंनी तोंड उघडलं, थोडा विचार केला आणि मिटलं. "मला काय ठावं? माझ्या सासूलाबी ठावं नसंल," त्या म्हणाल्या. "हेल्मेट घालून जा."

वृषभ चिकोडीला पोहोचला तेव्हा ऊन कलंडलं होतं. जैनांच्या घरची ही जेवणाची वेळ. दिवस मावळला की मग जेवण नाही. आण्णासाहेबांच्या घरात पंगत बसली होती. त्यांची बायको कमलाबाई, त्रिशला, गुऱ्हाळावरचा माणूस, सगळे जेवत होते. फक्त आण्णासाहेब लांब झोपाळ्यावर भिंतीकडं तोंड करून बसले होते.

वृषभला दारात बघून कमलाबाईंचा घास हातातच राहिला. त्रिशला उठली नाही. "बाहेरच्यांनी सोडलं व्हय इकडं यायला?" ती ताटात बघूनच म्हणाली.

"बाहेरचं कोण न्हाय. एक कुलूप हाय फकस्त," वृषभ म्हणाला आणि उभ्याउभ्याच त्यानं सगळं सांगितलं. घाबरल्यामुळं त्यानं कर्नलपासून सुरुवात केली, मध्येच न्हाणीची कडी आली, मग मैसूर, मग कॉफी. गुऱ्हाळावरचा माणूस जेवायचा थांबला. त्रिशलाच्या ओठाचा एक कोपरा मात्र हळूहळू वर जाऊ लागला होता.

"आन अदु?" झोपाळ्यावरून आवाज आला. तोंड अजून भिंतीकडंच होतं. "अदु म्हणालास त्याचं काय?"

"मामा," वृषभ होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाला, "कुलपाला अदुच म्हणतात की! मोठ्या माणसागत अवरु कसं म्हणायचं? कुलूपसाहेब व्हय?"

"कशावरनं?"

मग वृषभनं एकच शहाणपणाची, म्हटलं तर वेडेपणाची, गोष्ट केली. त्यानं चंद्रशेखरला फोन लावला आणि मोबाईल मोठ्या आवाजावर ठेवला. तो काही बोलायच्या आतच पलीकडून आनंदानं फुटलेला आवाज घरभर घुमला.

"वृषभा! बीग होय्तु! ओप्पकोंडरु!"

बीग गेला! सगळ्यांनी मान्य केलं!

कमलाबाईंनी चटकन झोपाळ्याकडं बघितलं. बीग बसल्या जागी जिवंत होता, डोळे मात्र मोठे झाले होते. आणि चंद्रशेखर थांबायला तयार नव्हता. आता कुणाला ताटकळायला नको, पीडा गेली, सोमवारी सगळ्यांना मिठाई!

आण्णासाहेब उठले. चार पावलांत आले आणि त्यांनी फोन हातात घेतला. "नमस्कार्रि. तुमच्याकडं बीग कशाला म्हणतात?" त्यांनी कन्नडमध्ये, कोर्टात विचारावं तसं विचारलं.

मग चंद्रशेखर अदबीनं म्हणाला, "दाराला लावतात ते, साहेब. किल्लीनं उघडतं ते."

"आन व्याह्याला?"

"त्यालाही बीगच म्हणतात, साहेब."

"मग तुमच्यात लग्नकार्यात घोटाळा होत न्हाय?"

"आमच्याकडं व्याही बोलत असताना कुणी कुलपाचा विषय काढत नाही, साहेब."

आण्णासाहेबांनी फोन परत दिला. त्यांच्या खांद्यावरचं मणभर ओझं उतरलेलं सगळ्यांना दिसलं. ते हसायला लागले, ते पोट धरूनच. त्रिशलाही हसत सुटली. वृषभ तिथंच जमिनीवर बसला.

"म्हंजे मी ताप न्हाय!" आण्णासाहेब बायकोकडं वळून म्हणाले. "ऐकलंस कमळे? सगळी माझ्यामुळं ताटकळत्यात म्हणालाच न्हाय ह्यो! त्यो कुलपाचं सांगत हुता!"

कमलाबाई मात्र हसत नव्हत्या. उलट त्यांचा चेहरा जरा पडलाच होता.

"म्हंजे आता परत पहिल्यासारखं व्हय?" त्या म्हणाल्या.

"पहिल्यासारखं म्हंजे?"

कमलाबाईंनी मग होणाऱ्या जावयालाच पंच केलं. या घरात आण्णासाहेब पाटावर बसल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही, ही रीत. आणि आण्णासाहेब गुऱ्हाळावर बोलत बसले की त्यांना वेळेचं भान नाही. रोज संध्याकाळी सगळं घर ताट वाढून सूर्याकडं बघत बसलेलं. ते आले की बकाबका चार घास, नाही आले तर उपाशी. ट्रॅक्टर कुठं न्यायचा, त्यांना विचारून. माठ कुठं ठेवायचा, त्यांना विचारून.

"गुरुवारी आले ते गप बसले. म्हणाले, आजपासनं माझ्यासाठी कोण थांबू नका, मला काय इचारू नका. सगळ्यांस्नी माझा तरास हाय म्हणं. तवापासनं, पाव्हणं, आमी येळेवर जेवालाव. घर कसं वंगण घातल्यागत चाललंय."

"आप्पांना एवढा राग का आला ठाऊकाय?" त्रिशला वडिलांकडं बघत म्हणाली. "तुम्ही कुलपाचं जे जे बोललात, ते सगळं त्यांना लागू पडालतं."

आण्णासाहेबांनी हसणं आवरलं. मग डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि परत घातली. "पोरगं वंगाळ बोललं असतं तर मी तिथंच कानाखाली दिली असती," ते हळूच म्हणाले. "खरं बोलालंय असं वाटलं, म्हणून गप आलो."

मग कमलाबाई लगबगीनं उठल्या. "बसा बसा, दोघंबी बसा. दिस बुडायला आलाय."

दोन पाट मांडले, ताटं वाढली. भाकरी, दोडक्याची भाजी, शेंगांची चटणी, ताक. आण्णासाहेब बसले, वृषभ बसला. सूर्य बाहेर उसाच्या तुऱ्यांना टेकला होता.

"घ्या, जावईबापू," आण्णासाहेब म्हणाले.

"आधी तुम्ही घ्या, मामा. मोठ्यांनी सुरू केल्याबिगर मी घेत न्हाय."

"आमच्यात जावयानं सुरू करायचं असतंय."

"आमच्यात मोठ्यांनी."

"आवो, पहिल्यांदा आलायसा घरी! तुमच्या आधी मी घास घेऊ? लोक काय म्हणतील?"

"आणि मी तुमच्या आधी घेतला तर आई काय म्हणंल?"

दोघांचेही हात भाकरीवर अधांतरी. कमलाबाईंनी कपाळाला हात लावला. उसाचे तुरे तांबूस होत चालले होते. इतक्यात त्रिशला आली, दोन पाटांच्या मध्ये बसली, तिनं बापाच्या ताटातला भाकरीचा तुकडा मोडला, होणाऱ्या नवऱ्याच्या ताटातल्या चटणीत बुडवला आणि तोंडात टाकला.

"झालं सुरू," ती म्हणाली. "जेवा आता."

दोघं मान खाली घालून ताकाच्या शेवटच्या घोटापर्यंत जेवले. चटणी तिखट होती; वृषभच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती चटणीचीच आहे असं त्यानं सगळ्यांना भासवलं.

निघताना आण्णासाहेब आत शामूमामाला फोनवर जोरजोरात सांगत होते, साखरपुडा ठरल्याप्रमाणं, आचाऱ्याला सांग, माणसं वाढव. त्रिशला फाटकापर्यंत आली आणि "ते कर्नलचं मला सावकाश सांगा, आवडलं," एवढंच म्हणून आत पळाली. कमलाबाई मात्र गाडीपाशी घुटमळत राहिल्या.

"जावईबापू, एक सांगू? उद्याचा साखरपुडा झोकात हुंदे. पन लगीन तेवढं जरा फुडं ढकलता येतंय का बघा."

वृषभनं चढवलेलं हेल्मेट काढलं. "का हो?"

"पोरगी तुमच्याकडं आली की हिथलं कुलूप कोण काढायचं?"

तेवढ्यात आतून आण्णासाहेबांचा खणखणीत आवाज आला. "कमळे, काय बोलालीस तिथं? मला इचारल्याबिगर काय ठरवू नगंस!"

कमलाबाईंनी वृषभकडं बघितलं. "ऐकलंसा?" त्या म्हणाल्या.